दुखणे, व्यसन आणि गांजातील रसायने

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्री कामगाराची कंबर धरली आणि काही दिवसांपुरती लिहून दिलेली ट्रामाडॉलची गोळी त्याने महिनोन् महिने चालू ठेवली, तर ज्या दुखण्यासाठी ती सुरू केली तेच दुखणे वाढू शकते. ट्रामाडॉल कारखान्यात तयार होत असले, तरी मेंदूत ते अफूच्याच वाटेने काम करते. 2018 पासून ते भारतात अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. अशी औषधे दीर्घकाळ घेतल्याने मज्जासंस्था हळवी होते. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवण्याच्या चाचणीत मेथाडोन, म्हणजे अफूसारख्याच वाटेने काम करणारे व्यसनमुक्तीचे औषध, घेणारे रुग्ण इतरांपेक्षा लवकर हात बाहेर काढतात. व्यसनी माणूस दुखण्याचे सोंग करतो, हा घरच्यांचा संशय म्हणूनच पुष्कळदा अन्यायाचा ठरतो.

मग गांजाने आराम पडेल का? त्यातील टीएचसी हे नशा आणणारे रसायन 1964 साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने शुद्ध स्वरूपात वेगळे केले. कॅलिफोर्नियातील 2007 च्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेखाली कॅप्सेसिन, म्हणजे आपल्या तांबड्या रश्श्याला झणका देणारे मिरचीतील द्रव्य, टोचण्यात आले आणि त्यांना वेगवेगळ्या तीव्रतेचा गांजा ओढायला देण्यात आला. मध्यम मात्रेने वेदना कमी झाल्या. जास्त मात्रेने त्या वाढल्या. चिलमीत मात्रा कोण मोजणार?

सीबीडी या दुसऱ्या रसायनाने नशा होत नाही. हेरॉइन सोडलेल्या व्यक्तींना ते 400 किंवा 800 मिलिग्रॅम दिल्यावर त्यांची तलफ आणि बेचैनी कमी झाल्याचे न्यूयॉर्कमधील संशोधकांनी 2019 मध्ये मांडले. हा निष्कर्ष मोलाचा आहे, परंतु त्या प्रयोगाचा विषय तलफ हा होता, कंबरदुखी नव्हे. सीबीडीच्या तेलाच्या जाहिराती मात्र दोन्ही गोष्टी बिनदिक्कत एकत्र करतात.

आज अफूसारख्या पदार्थांच्या व्यसनावर उपचार म्हणून सरकारी केंद्रांतून मिळते ती ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी. तिच्या एका मात्रेने तलफ दिवसभर आवरते, वेदनाशमन मात्र सहा ते आठ तासच टिकते. त्यामुळे रुग्णाने व्यसनाबरोबर आपले दुखणेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितले, तर तीच मात्रा दिवसातून तीन-चार वेळा विभागून देण्याचा विचार त्यांना करता येतो.