मोठ्या देवळाच्या पलीकडचं तंजावर

(दृश्य: बृहदीश्वर मंदिराचं आवार, सकाळची गर्दी)

तंजावरला येणारा प्रवासी बहुधा एका सकाळीपुरताच येतो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ बघायचं, नंदीसमोर फोटो काढायचा आणि पुढची गाडी गाठायची. 'शिखराची सावली जमिनीवर पडत नाही' हे मात्र प्रत्येक जण ऐकून जातो. सावली पडते! थोडा वेळ थांबलं की दिसते. आणि अशा थांबणाऱ्याला या गावात आणखीही पुष्कळ काही सापडतं.

सुरुवात इथूनच करू. विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, उत्तर अंगाला जा आणि मान वर करा. देवादिकांच्या गर्दीत गोल टोपी घातलेला एक युरोपियन माणूस दिसेल. चोळांच्या देवळावर हा कसा चढला, याच्या तऱ्हेतऱ्हेच्या कहाण्या इथले गाइड रंगवून सांगतात. मराठ्यांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळातल्या डागडुजीत तो तिथे आला असावा, ही उपपत्ती मला जास्त पटते. कारण १६२० मध्ये रघुनाथ नायकाने डेन्मार्कशी करार करून त्यांना किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला व्यापार करू दिला होता. टोपीवाले लोक तंजावरच्या कारागिरांना अनोळखी राहिले नव्हते.

आता प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या आवारभिंतीच्या, नैर्ऋत्य कोपऱ्याकडे चला. तमिळनाडूच्या मधोमध, काळपट दगडावर, भिंतीमागून भिंत भरून मराठी! तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये इथे भोसले कुळाचा इतिहास कोरून घेतला. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. लिपी देवनागरी आहे. पहिल्या दोन ओळी जड जातात, मग शहाजीराजे, शिवाजीराजे अशी नावं लागू लागतात आणि पाय तिथून निघत नाही.

(दृश्य: कीळवासल, किल्ल्याच्या पूर्वेचा बुरूज)

गावाच्या पूर्व टोकाला, भर वस्तीत, एका उंचवट्यावर एक अजस्र तोफ पडून आहे. रघुनाथ नायकाच्या काळातली. लांबी साधारण साडेसात मीटर, वजन बावीस टनांच्या आसपास. ही तोफ ओतीव नाही, हे जवळ गेल्यावर कळतं. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना लावून नळी केली, तिच्यावर तापवलेली कडी एकामागून एक चढवली आणि ठोकून ठोकून सगळं एकजीव केलं. कड्यांचे सांधे आजही बोटाला लागतात. साडेतीनशेहून जास्त पावसाळे उघड्यावर काढूनही गंजाने तिला खाल्लेलं नाही. लोहारकामाचा असा नमुना दुसऱ्या एखाद्या देशात असता, तर लोक तिकीट काढून बघायला आले असते. इथे तो पाहायला फारसं कोणी येत नाही, याचं वाईट वाटतं.

(दृश्य: वीणा बनवणाऱ्यांची कार्यशाळा)

तंजावरी वीणा फणसाच्या लाकडाची असते. लाकूड येतं पन्रुटीहून. अख्ख्या ओंडक्यातून बिनजोड कोरलेली वीणा असेल, तर तिला 'एकांड वीणा' म्हणतात आणि तिचा मान वेगळा. पण बघण्यासारखं काम शेवटी येतं. मेण आणि कोळशाची पूड यांचा काळा लगदा करून दांड्यावर थापतात आणि त्यात चोवीस पडदे बसवतात. तार छेडायची, कान द्यायचा, पडदा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. मेण मऊ आहे तोवरच हे करता येतं. कारागीर त्या वेळी कोणाशी बोलत नाही, आपणही बोलू नये.

(दृश्य: राजवाडा, दरबार हॉल)

आता राजवाडा. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी इथे राहिली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे नाटकं लिहीत. त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक १६९० च्या सुमाराचं, म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पडदा वर केला त्याच्या दीडशे वर्षं आधीचं. त्यांच्या 'पंचभाषा विलास' नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत पात्रं बोलतात, आणि प्रेक्षकाला सगळं कळेल असं राजाने गृहीतच धरलंय!

पण या वाड्याचा खरा अवलिया म्हणजे सरफोजीराजे. १७९९ मध्ये कंपनीने राज्यकारभार काढून घेतला आणि राजाच्या हाती जवळजवळ किल्लाच तेवढा उरला. त्यानंतर १८३२ पर्यंत या माणसाने जे केलं ते थक्क करणारं आहे. देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक लिहिलं, त्यात भविष्य सांगणारी डोंगरातली बाई जगाचा भूगोल सांगते. डोळ्यांचे रोगी तपासले. चाळीसहून अधिक रुग्णांची टिपणं राहिली आहेत: तक्रार काय, उपचार कोणते, गुण कधी आला. काहींबरोबर रुग्णाच्या डोळ्याचं रंगीत चित्रही आहे. लाल झालेला कोपरा, बुबुळावरचा पडदा, पापणीची सूज, सगळं जसंच्या तसं.

शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्येही हा राजा भेटतो. त्याला लहानपणी शिकवणारे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले. सरफोजींनी इंग्लंडमध्ये शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतलं: गुरू अंथरुणाला खिळलेले, आणि राजा त्यांचा हात हातात धरून उभा. राजा हिंदूच राहिला आणि गुरूला विसरलाही नाही.

(दृश्य: सरस्वती महाल ग्रंथालय)

हे सगळं टिकलं ते सरस्वती महालामुळे. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी कितीतरी पटींनी वाढवला, काशीयात्रेहूनही ग्रंथ आणले. ताडपत्रं, नकाशे, घोड्यांच्या उपचाराच्या पोथ्या, आणि तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं. त्यांत रामदासी वाङ्मय भरपूर, कारण समर्थ संप्रदायाचे मठ या भागात होते.

शिवाय मोडीतले दरबारी कागद, गठ्ठेच्या गठ्ठे. कोणाला किती पगार, अन्नछत्रात तांदूळ किती, नाचणारीला साडी कोणती, हत्तीला औषध काय: एका दरबाराचा रोजचा हिशेब. यातले काही कागद तमिळमध्ये अनुवाद होऊन छापले गेले. बरेच अजून वाचायचे आहेत, आणि त्यांना मोडी आणि मराठी दोन्ही येणारी माणसं हवी आहेत. महाराष्ट्रात आज ठिकठिकाणी मोडीचे वर्ग भरतात. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढच्या सुट्टीत तंजावरला यावं, आणि एका सकाळीपुरतं येऊ नये.