सहा मिलिमीटरचं रूप

(दृश्य : उभ्या रचलेल्या फळ्या. एका फळीवर ओला फडका फिरतो आणि लाकडातली नक्षी उजळते.)

अमेरिकेतले गिटार-निर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास हा विजेवर वाजणारा बास गिटार बाजारात आणला, तेव्हा त्याची बॉडी होती साध्या अ‍ॅशच्या लाकडाची. पुढे अल्डर या झाडाचं लाकूड आलं आणि बहुतेक वेळा ते रंगाखाली झाकलं गेलं. लाकूड मिरवायची गोष्ट आहे, हे बासच्या दुनियेत ठसवलं कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिक कंपनीनं. १९६९ साली, ग्रेटफुल डेड या बँडच्या ध्वनियंत्रणेभोवती जमलेल्या मंडळींतून ती उभी राहिली. जॅक कॅसडी, स्टॅन्ली क्लार्क या बासवादकांच्या हातात अलेम्बिकचे बास दिसले आणि आपल्या पसंतीच्या लाकडाचा बास बनवून घ्यावा, असं वादकांना वाटू लागलं.

पण दिसतं ते लाकूड अख्ख्या बॉडीचं नसतं. मधला गाभा बहुधा महोगनीचा असतो. त्याच्यावर चिकटवलेला शोभेचा थर असतो सहा मिलिमीटरच्या आसपास. कारण आहे वजन. कोकोबोलो हे मध्य अमेरिकेतलं लाकूड घनमीटरला जवळपास १,१०० किलो भरतं, महोगनी ६०० च्या आत. चार सेंटिमीटर जाडीची सबंध बॉडी कोकोबोलोची केली, तर ती एकटीच पाच किलोच्या घरात जाईल. दोन तासांच्या कार्यक्रमात तो भार खांद्यावर पेलायचा आहे. पातळ थरसुद्धा फुकट पडत नाही. पुढे आणि मागे कोकोबोलो लावलं, तरी महोगनीपेक्षा अर्ध्या किलोहून जास्त वजन वाढतं. म्हणून आमच्या मते वरचं लाकूड पसंत करण्याआधी आतल्या गाभ्याचं वजन विचारावं.

(दृश्य : करवतीखाली फळी जाडीतून चिरली जाते.)

आता नक्षी. फळी मधोमध चिरून दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडायचे, की डावीकडची रेघ उजवीकडे आरशात उमटते. याला बुकमॅच म्हणतात. करवत कोणत्या दिशेनं चालली, यावरही रूप ठरतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बिगलीफ मेपलमध्ये गोधडीसारखे फुगवटे दिसतात ते सपाट, म्हणजे खोडाच्या वलयांना समांतर चिरलेल्या फळीत. मेपलचे ज्वाळांसारखे पट्टे उठून दिसतात ते उभ्या, म्हणजे वलयांना काटकोनात चिरलेल्या फळीत.

बकआय या झाडाच्या खोडावर आवाळू धरतं, त्या भागाला बर्ल म्हणतात. राखाडी, निळसर, साईच्या रंगाचं हे लाकूड आम्हाला सगळ्यांत देखणं वाटतं. पण ते मऊ असतं, मध्ये पोकळ्या असतात. त्या इपॉक्सीनं भरून घ्याव्या लागतात. स्पॉल्टेड मेपलच्या काळ्या रेषा तर बुरशीनं काढलेल्या असतात. ते लाकूड कुजू लागलेलं असतं, कुजणं वेळेत थांबवलेलं असतं. कोकोबोलोची तऱ्हा वेगळी. त्यात तेल इतकं, की गोंद लावण्याआधी अ‍ॅसिटोननं पुसावं लागतं. त्याच्या भुशानं अंगावर पुरळ उठतं, म्हणून कारागीर मास्क घातल्याशिवाय पॉलिशकागद हातात घेत नाहीत.

या थरामुळे आवाज बदलतो, असं विक्रेते छातीठोक सांगतात. बासचं पिकअप, म्हणजे तारांखालचा चुंबकी भाग, टिपतं ते पोलादी तारेचं कंपन. सहा मिलिमीटरच्या थरासाठी वेगळ्या सुराचं आश्वासन कुणी देत असेल, तर त्यासाठी पैसे मोजू नयेत. रूपासाठी मोजावेत, आनंदानं मोजावेत.

आणि रूपही एका जागी थांबत नाही. पडाकचा भगवा-लाल रंग उन्हाप्रकाशात तपकिरी होत जातो. पर्पलहार्टचा जांभळाही तसाच मावळतो. नमुन्याचा ताजा तुकडा पाहताना त्याच लाकडाचं जुनं वाद्यही दाखवायला सांगावं.

(दृश्य : गडद तपकिरी फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवर, बोटं.)

ब्राझीलच्या रोझवुडच्या व्यापारावर १९९२ साली कडक आंतरराष्ट्रीय बंधनं आली. जगभरच्या गिटारांवर त्याची जागा मोठ्या प्रमाणात घेतली भारतीय रोझवुडनं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवानं. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या, डाल्बर्जिया या संपूर्ण जातकुळीलाच साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागू झाले. कोकोबोलोही याच जातकुळीतलं. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, नुसत्या फळ्यांना नाही. परदेशातून फळी मागवून इथल्या कारागिराकडून बास घडवायचा असेल, तर ती कोणत्या जातीची, कुठून आली आणि तिचे कागद कुठे आहेत, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.