बोगद्याचे तोंड कुठे उघडते?

गुडघ्याचे लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा तंतूंचा पट्टा) तुटलेला रुग्ण शस्त्रक्रियेआधी मला बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतो: नवे लिगामेंट कशाचे करणार आणि स्क्रू कोणता घालणार. हाडात भोक नेमके कुठे पाडणार, हे क्वचितच कोणी विचारते. आज मी त्या भोकाच्या जागेविषयीच बोलणार आहे, कारण शस्त्रक्रिया फसण्यामागच्या तांत्रिक चुकांमध्ये ही चूक सर्वांत नेहमीची आहे.

गुडघ्याच्या मध्यभागी दोन लिगामेंट एकमेकांना छेदून जातात. त्यांतले पुढचे, ज्याला आता रुग्णही सर्रास एसीएल म्हणतात, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोळे आणि त्यांच्यामध्ये खाच असते, त्यातल्या बाहेरच्या गोळ्याच्या आतल्या भिंतीवरून निघते आणि तिरपे पुढे उतरून नडगीच्या माथ्यावर रुजते. जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा हा पट्टा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पाय रोवून अंग वळवताना तिला आपल्या जागेवरून फिरू देत नाही. कबड्डीतला चढाईपटू मध्यरेषेकडे परतताना गर्रकन वळतो, तेव्हा या दुसऱ्या कामाची कसोटी लागते. हे लिगामेंट तुटल्यावर रुग्णाच्याच शरीरातली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेऊन ती दोन्ही हाडांतल्या बोगद्यांतून ओवायची, ही कल्पना जुनी आहे. ब्रिस्टलचे शल्यविशारद अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी 1917 मध्येच मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी अशी ओवली होती.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर बरीच वर्षे आम्ही नडगीतल्या बोगद्यातूनच ड्रिल वर नेऊन मांडीच्या हाडातला बोगदा पाडत असू. पद्धत सुटसुटीत होती, परंतु खालच्या बोगद्याची दिशा ड्रिलला बांधून ठेवत असल्यामुळे वरचे भोक मूळ जागेऐवजी खाचेच्या छताजवळ, उंच पडण्याकडे कल असे. मग तिरपे असायला हवे ते लिगामेंट खांबासारखे उभे राही. माझ्या सुरुवातीच्या काळातल्या एका कबड्डीपटूच्या बाबतीत हेच घडले. टेबलावर झोपवून नडगी पुढे ओढली तर गुडघा घट्ट लागे. पण पाय आत फिरवून, बाहेरून दाब देत गुडघा हळूहळू वाकवला की नडगी खटकन सरके. तो सांगत होता की धावताना काही होत नाही, वळताना गुडघा दगा देतो, आणि त्याचे म्हणणे तंतोतंत खरे होते.

त्या काळी आम्ही जागा घड्याळाच्या भाषेत सांगत असू: खाचेला तबकडी मानून उजव्या गुडघ्यात अकरा वाजताची जागा, पुढे सुधारून दहाची. मला ही भाषा सोडून द्यावीशी वाटते, कारण घड्याळाच्या तबकडीला खोली नसते आणि या भिंतीला असते. त्याऐवजी भिंतच वाचावी. गुडघा 90 अंशांत वाकवून दुर्बीण आतल्या बाजूच्या छिद्रातून घातली, म्हणजे भिंत समोरासमोर येते आणि तिच्यावर हाडाचा एक बारीक कंगोरा आडवा गेलेला दिसतो. मूळ लिगामेंटचे तंतू या कंगोऱ्याच्या खालीच रुजलेले असतात, वर कधीच नसतात. नवशिक्या निवासी डॉक्टरांना हाच कंगोरा भिंतीची मागची कड वाटतो आणि ते त्याच्या पुढेच भोक पाडतात, म्हणून अमेरिकन शल्यविशारद विल्यम क्लॅन्सी यांनी त्याला ‘रेसिडेंट्स रिज’, म्हणजे निवासी डॉक्टरांचा कंगोरा, असे नाव दिले. तुटक्या लिगामेंटचा बुंधा घाईने खरवडून टाकू नका, असे मी विद्यार्थ्यांना कळकळीने सांगतो; जागा दाखवणारी ती सर्वांत भरवशाची खूण असते.

आतल्या छिद्रातून स्वतंत्रपणे ड्रिल करायचे तर गुडघा 110 ते 120 अंशांपर्यंत वाकवावा लागतो. कमी वाकवला तर बोगदा आखूड होतो किंवा मागची भिंत फुटते, आणि ड्रिल आत नेताना समोरच्या गोळ्याची कूर्चा खरवडली जाण्याचा धोका असतोच. नडगीच्या बाजूचा हिशेब त्यामानाने सोपा आहे: बोगदा फार पुढे गेला तर पाय सरळ करताना लिगामेंट छताला घासते, फार मागे गेला तर पुन्हा उभे राहते.

आपण काय केले, हे नंतर बाजूने काढलेल्या एक्स-रेवर मोजता येते. बर्नार्ड आणि हर्टेल यांनी सुचवलेल्या मोजणीच्या चौकटीत मूळ लिगामेंटचे केंद्र छताच्या रेषेवर मागून गोळ्याच्या लांबीच्या सुमारे 25 टक्के आणि तिच्यापासून खाली खाचेच्या उंचीच्या सुमारे 28 टक्के अंतरावर येते.

ऐकायला विचित्र वाटेल, पण पूर्ण चुकलेला बोगदा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून दुरुस्ती करताना फारसा आड येत नाही; तो तसाच सोडून शेजारी नवा पाडता येतो. थोडासा चुकलेला मात्र नव्याच्या तोंडाशी मिसळतो आणि दोन्ही मिळून एक मोठा खड्डा होतो. माझ्या त्या खेळाडूचा बोगदा असाच अर्धवट चुकलेला होता. आधी कमरेच्या हाडाचा चुरा घालून तो बुजवावा लागला, हाड भरून येण्यासाठी काही महिने थांबावे लागले, आणि सीटी स्कॅनवर खात्री झाल्यानंतरच कंगोऱ्याच्या खाली नवा बोगदा पाडता आला.