सनद जमा, वकिली चालू

(पुणे, खराडी. सकाळची गर्दी, आयटी पार्कचं फाटक, गळ्यातली ओळखपत्रं.)

या गर्दीत वकीलही आहेत. ना काळा कोट, ना पांढरा बँड. या वकीलबाई आंतरराष्ट्रीय पेमेंट हाताळणाऱ्या एका बँकेच्या विधी विभागात आहेत.

(लॉ कॉलेज रोड. आयएलएस विधी महाविद्यालय, मागे टेकडी.)

१९२४ साली सुरू झालेलं हे कॉलेज. इथून निघालेली वाट वर्षानुवर्षं शिवाजीनगर कोर्टाकडे जायची. आता ती नगर रोडने खराडीच्या आयटी पार्ककडेही जाते.

(पडद्यावर करार, लाल खुणा.)

युरोपातल्या बँकेबरोबरचा हा करार. मसुदा समोरून आलाय, कराराला लागू कायदा इंग्लंडचा. वकीलबाई एका कलमावर थांबतात: व्यवहारांची माहिती परदेशातल्या केंद्रात साठवली जाईल.

असं चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार भारतातल्या पेमेंटची माहिती भारतातच साठवावी लागते. प्रक्रिया परदेशात करता येते. पण मग तिथली माहिती पुसून एका कामकाजाच्या दिवसात किंवा २४ तासांत, जे आधी संपेल त्यात, ती इथे आणायची. व्यवहाराचं एक टोक परदेशात असेल, तर देशांतर्गत भागाची प्रत गरजेनुसार तिकडे ठेवायला मुभा आहे. म्हणून कलम नुसतं खोडून भागत नाही. कोणती माहिती, कुठल्या टप्प्यावर, किती वेळ, हे एकेक करून लिहावं लागतं. बघा, एका परिच्छेदाच्या जागी आता दोन पानं झाली आहेत.

(लंडनशी व्हिडिओ कॉल.)

तिकडची सकाळ, इकडची दुपार. विषय, अडकलेलं एक पेमेंट. पाठवणाऱ्याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीतल्या नावाशी जुळतंय. नाव जुळलं म्हणजे माणूस तोच, असं नव्हे. जन्मतारीख, पत्ता, देश, सगळं ताडून पाहायचं. संशय खरा वाटला तर कळवायचं सरकारी यंत्रणेला. ग्राहकाला त्याची कुणकुणही लागू द्यायची नाही, असा नियम आहे. पैशांची वाट पाहणाऱ्या माणसाला फोनवर काय सांगायचं, ते वाक्यसुद्धा वकीलबाईच लिहून देतात.

(शिवाजीनगर कोर्ट. काळ्या कोटांची वर्दळ.)

पक्षकार या कोर्टातल्या वकिलांशी काय बोलला, हे उघड करायला त्यांना भाग पाडता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं ते संरक्षण. वकीलबाईंना ते नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली थांबते, मूळ सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जमा होते. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पगारी वकिलाला कलम १३२ लागू नाही. कायदेशीर सल्लागाराशी झालेल्या गोपनीय बोलण्याबद्दलच्या कलम १३४ चा थोडा आधार आहे, पण मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्यातल्या बोलण्याला तो पुरत नाही.

'हे करू नका' असं बँकेला सगळ्यात आधी सांगणारी व्यक्ती हीच. हे लिखाण उद्या उघड करावं लागेल या भीतीने तिला लिहून विचारायलाच लोक कचरले, तर नुकसान ग्राहकाचं.

(पुन्हा व्हिडिओ कॉल. दोन चेहरे शेजारी शेजारी.)

डावीकडच्या लंडनच्या वकिलाला, तोही पगारीच, इंग्लंडचा कायदा हे संरक्षण देतो. कराराचं कलम एकच, सल्ला दोघांचाही. आपल्या अधिनियमात ही दुरुस्ती करणं संसदेच्या हातात आहे, आणि ती व्हायला हवी.