तांब्याच्या जुन्या नाण्यांवरील ठशांचे भेद

श्रोतेहो, नमस्कार. सातारा-सांगली भागातील अनेक देवघरांत टाकांच्या शेजारी एखादी शिवराई किंवा कंपनी सरकारचा तांब्याचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असतो. तो नेमका कोणत्या ठशाने पाडला गेला आणि त्यावरील सन मूळचाच आहे की जुन्या आकड्यावर नवा आकडा मारलेला आहे, हे कसे ओळखावे, याविषयी आज बोलायचे आहे.

ठशात, म्हणजे नाणे पाडायच्या साच्यात, अक्षर खोल कोरलेले असते, म्हणून नाण्यावर ते उठून दिसते. ठशाला तडा गेला, तर घाव बसताना तांबे त्या भेगेत शिरते आणि नाण्यावर उंचावलेली रेघ येते. याउलट, वापरात पडलेला ओरखडा खोलगट असतो. नाणे हातात घेतल्यावर दिसणारी खूण उंच आहे की खोल, हे सर्वांत आधी पाहावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे, प्रकाश एका बाजूने तिरपा पडू द्यावा आणि नाणे सावकाश फिरवावे. समोरून पडणाऱ्या उजेडात हा फरक बुजून जातो.

पोलादी ठसा तयार करणे खर्चाचे काम असल्याने वर्ष सरले तरी चांगला ठसा टाकून दिला जात नसे, तर जुन्या आकड्यावर नव्या आकड्याचा पंच, म्हणजे आकडा उमटवायचा खिळा, ठोकला जाई. अमेरिकेच्या 1807 सालच्या तांब्याच्या एका सेंटवर 7 च्या भोवती खालच्या 6 ची वळणे दिसतात, ती अशीच. मात्र प्रत्येक दुहेरी आकडा म्हणजे बदललेला सन नव्हे. घाव बसताना ठसा किंचित सरकला, तर आकड्याच्या कडेला सपाट, पायरीसारखी पट्टी तयार होते आणि मूळ आकडा तेवढा अरुंद होतो. तिथे दुसऱ्या अंकाचा आकार कुठेच सापडत नाही. तो आकार सापडल्याखेरीज सन बदलल्याचा निष्कर्ष काढू नये.

शिवराईवर तर सनच नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ एवढाच मजकूर असतो, त्यामुळे भेद ओळखायचा तो अक्षरांच्या वळणावरून: ‘शिव’ आहे की ‘सिव’, वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ, बिंदूंचे वर्तुळ अक्षरांपासून किती दूर आहे. दुदांडी शिवराई तर तिच्यावरील दोन आडव्या दांड्यांवरूनच ओळखली जाते. हाताने पाडलेल्या या नाण्यांत तांब्याची कोरी चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे एका नाण्यावर ‘श्री’ पूर्ण येतो तर दुसऱ्यावर ‘राजा’चा काना कडेबाहेर जातो. एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी ठेवली, तरच तो ठसा पूर्ण वाचता येतो, आणि शिवराईच्या अभ्यासातला खरा आनंद मला यातच वाटतो.

कंपनीच्या पाव आण्याची, म्हणजे तिच्या तांब्याच्या पैशाची, गोष्ट वेगळी आहे. त्यावर 1835, 1857 आणि 1858 हे सन आढळतात. 1835 हाच आकडा पुढे अनेक वर्षे तसाच राहिला. म्हणून तिथे सनापेक्षा मागील बाजूच्या पानांच्या माळेकडे, तिच्या टोकांकडे आणि तिच्यातील फळांच्या संख्येकडे लक्ष द्यावे. एखादी खूण वेगळी वाटली, तर तीच खूण त्याच जागी दुसऱ्या नाण्यावर मिळेपर्यंत थांबावे.

चिंच, लिंबू किंवा राख लावून नाणे घासू नये, ही कळकळीची विनंती आहे. वर्षानुवर्षांचा तपकिरी थर गेला, की त्याबरोबर बारीक उठावही झिजतो आणि ठशाचा पुरावा कायमचा नाहीसा होतो. वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन नाणे कागदाच्या कोरड्या पाकिटात ठेवावे. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचा साठा सापडला, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा साठ्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तोवर ती नाणी एकमेकांपासून वेगळी करू नयेत, कारण ती एकत्र सापडली, यावरूनच त्यांचा काळ ठरवायला मोठी मदत होते.