मागचं गेट

मंडळी, पत्रिकेत 'बहुराष्ट्रीय कंपन्यांची सामाजिक बांधिलकी' असा विषय छापलाय. त्याकडे येतोच, पण आधी ड्रमबद्दल बोलू द्या. निळा, प्लॅस्टिकचा, दोनशे लिटरचा. उन्हाळ्यात पाणी साठवायला तुमच्यापैकी अनेकांनी आणला असेल. तो आधी कुठे होता, हे कुणी विचारलंय?

एका परदेशी मालकीच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो. पुढच्या गेटला बाग, कारंजं. मागच्या गेटानं रिकामे ड्रम भंगारात जायचे, तळाशी सॉल्व्हंटचा वास तसाच. एके संध्याकाळी शेजारच्या वस्तीत नळावर तसाच ड्रम दिसला, आमच्या बॅच नंबरासकट. एक बाई पिण्याचं पाणी भरत होती. म्हटलं, "ताई, यात नका भरू." ती म्हणाली, "मग कशात भरू, दादा?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, ड्रम चिरून तरी बाहेर पाठवू. ते म्हणाले, "गेटबाहेर गेला की आपला संबंध संपला." त्याच वर्षी आम्ही त्या वस्तीतल्या शाळेला बाकं दिली. फोटोत मीही आहे. तो फोटो मला आजही बघवत नाही.

तेव्हापासून कुठलीही कंपनी मी मागच्या गेटावरून ओळखतो. कोडाईकनालचंच घ्या. अमेरिकेतल्या वॉटरटाउनचा थर्मामीटरचा कारखाना ऐंशीच्या दशकात तिथे आला, पुढे युनिलिव्हर या ब्रिटिश-डच कंपनीच्या हिंदुस्तान लिव्हरकडे गेला. २००१ साली लोकांना पाऱ्यानं माखलेल्या काचा सापडल्या. कुठे? गावातल्या भंगारवाल्याकडे! कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन कचरा अमेरिकेला परत गेला. पाऱ्यानं तब्येत बिघडल्याची तक्रार करणाऱ्या ५९१ कामगारांशी तडजोड व्हायला मात्र २०१६ उजाडलं. जमीन साफ करायची ती मातीच्या किलोमागे २० मिलिग्रॅम पाऱ्यापर्यंतच, असं ठरलं; ब्रिटनमध्ये एवढा पारा मातीत राहू दिला असता का, असं कोडाईकनालचे लोक विचारत राहिले. त्यांचं मला शंभर टक्के पटतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर कायदा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे. चांगलंच आहे, शाळांना बाकं हवीतच. पण नफा मिळवताना काय केलं, हे त्या कलमात येत नाही. ते इतर कायद्यांत आहे. घातक कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या सरकारी नियमांत रसायनांचे दूषित रिकामे ड्रम घातक कचऱ्याच्या यादीत आहेत, म्हणजे साहेबांचं 'संबंध संपला' हे कायद्यालाही मान्य नाही. आणि २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना, कचरा किती निघाला आणि त्याचं काय केलं, हे अहवालात लिहावं लागतं. हा भाग कुणी वाचत नाही. भोपाळवर बोलायचं होतं, ते राहिलं.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे शेअर असतील, त्यांनी यंदाच्या वार्षिक सभेत लाभांशाआधी एवढं विचारा: आपले रिकामे ड्रम कुठे जातात?