टाळ्या सभागृहातल्या, मत घरातले

मंडळी, आजच्या विषयाकडे मी एका टाळीपासून येतो. ७ सप्टेंबर २०११ च्या रात्री कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅली येथे, रोनाल्ड रेगन यांच्या नावाने उभ्या असलेल्या ग्रंथालयात, रिपब्लिकन पक्षाकडे अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्यांचा वादविवाद चालू होता. सूत्रसंचालक ब्रायन विल्यम्स टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी यांच्याकडे वळले आणि म्हणाले की तुमच्या राज्यात २३४ कैद्यांना मृत्युदंड दिला गेला आहे. त्यांचा प्रश्न अजून पुरा व्हायचा होता, तोच सभागृहातून टाळ्यांचा आवाज आला. त्यांपैकी एखादा माणूस निर्दोष असेल या विचाराने कधी झोप उडाली का, हा प्रश्न विल्यम्स यांनी मग पूर्ण केला आणि पेरी यांनी नाही असे ठाम उत्तर दिले. त्यानंतर विल्यम्स यांनी पेरी यांना आणखी एक प्रश्न केला : २३४ माणसांच्या मृत्यूचा नुसता उल्लेख होताच टाळ्या पडल्या, याचा तुम्ही काय अर्थ लावता?

या दुसऱ्या प्रश्नाशी मी फार वेळ थांबलो आहे. उमेदवाराची परीक्षा घेण्यासाठी मांडलेल्या त्या मंचावर क्षणभर परीक्षा प्रेक्षकाची झाली. घरी बसून पाहणाऱ्या लाखो लोकांना त्या क्षणी दोन गोष्टींवर मत बनवावे लागले, पेरी यांच्या उत्तरावर आणि त्या टाळ्यांवर. मला आज बोलायचे आहे ते या घरातल्या प्रेक्षकाविषयी. जे मत तो आपले म्हणून सांगतो, त्यात त्याचे स्वतःचे किती असते?

असे वादविवाद ज्या निवडणुकीआधी होतात ती प्रायमरी म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगतो. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवण्यासाठी मतदारांनीच मत द्यायचे, अशी ती निवडणूक आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ साली त्याच राज्यात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, जागेसाठी ते प्रायमरी जिंकले आणि पुढे वॉशिंग्टनला गेले. दोन्ही वेळा त्यांना तिकीट नाकारणारे आणि देणारे सामान्य मतदार होते. आपल्याकडे तिकीट वरून येते आणि एबी फॉर्म कोणाच्या हाती पडला हे शेवटच्या दिवशी कळते. २०१४ साली आपल्या काँग्रेस पक्षाने वर्धा आणि लातूर येथे असा एक प्रयोग करून पाहिला, पण तेथे मत होते ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. त्यामुळे एकाच पक्षाचे प्रतिस्पर्धी लोकांसमोर उभे राहून एकमेकांना जाब विचारत आहेत, हे दृश्यच आपल्याला अपरिचित आहे.

प्रेक्षकाच्या दृष्टीने या दृश्याची एक अडचण आहे. नोव्हेंबरमध्ये दोन पक्षांत होणाऱ्या मुख्य निवडणुकीत आपला माणूस कोण हे बहुतेकांना आधीच ठाऊक असते आणि वादविवाद पाहताना ते त्याच्या बाजूनेच पाहतात. प्रायमरीत सगळेच आपले असतात. कर, शिक्षण, आरोग्य यांवरची मते जवळपास सारखी असतात, पक्षाच्या नावाचा आधार सुटलेला असतो आणि म्हणून मत सहज हलते. त्यात आणखी एक विचार मिसळतो : मला कोण आवडतो यापेक्षा पुढे जिंकून कोण येईल. हा विचार मनात आला की प्रेक्षक दुसऱ्यांना काय वाटत असेल याचा अंदाज घेऊ लागतो, आणि तो अंदाज घेण्याचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे सभागृहातून येणारा आवाज.

हा आवाज किती जोराचा असतो याची तपासणी झालेली आहे, ती मात्र प्रायमरीची नव्हे. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष रेगन आणि त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉन्डेल यांचा वादविवाद झाला. त्र्याहत्तर वर्षांच्या रेगन यांना वयावरून प्रश्न आला, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही, असे ते म्हणाले आणि सभागृह हसून कोसळले, मॉन्डेलही हसले. पुढे स्टीव्हन फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वादविवादाचे वेगवेगळे तुकडे करून निरनिराळ्या गटांना दाखवले. एका गटाला तो जसाच्या तसा दाखवला, दुसऱ्याला ते वाक्य काढून, आणि तिसऱ्याला वाक्य ठेवून पण हशा आणि टाळ्या काढून. या तिसऱ्या गटाचे रेगन यांच्याविषयीचे मत चांगलेच खाली आले. वाक्य तेच, चेहरा तोच, फक्त हसणारी माणसे नव्हती. विनोद शांततेत पडला की तो सांगणाराही लहान दिसतो, हे आपण लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाहतो.

या शक्तीचा पुरेपूर अनुभव रिपब्लिकन उमेदवारी मागणारे न्यूट गिंग्रिच यांनी २०१२ च्या जानेवारीत घेतला. १९ तारखेला साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे सूत्रसंचालक जॉन किंग यांनी पहिलाच प्रश्न त्यांच्या माजी पत्नीच्या मुलाखतीविषयी विचारला. गिंग्रिच प्रसारमाध्यमांवर तुटून पडले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दोनच दिवसांनी त्यांनी त्या राज्याची प्रायमरी सुमारे ४० टक्के मते घेऊन जिंकली. २३ तारखेला फ्लोरिडातील टँपा येथे मात्र प्रेक्षकांना शांत राहण्याची सूचना देण्यात आली होती. तेच गिंग्रिच, तीच धारदार भाषा, पण प्रत्येक वाक्यानंतर पोकळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी या नियमाबद्दल उघड तक्रार केली. त्यांना हव्या होत्या तशा टाळ्या तीन दिवसांनी जॅक्सनव्हिलला परत आल्या, पण त्या वेळी त्या त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांनाही मिळाल्या आणि ३१ तारखेला फ्लोरिडा रॉम्नी यांच्याकडे गेले. टाळ्या मत घडवतात, म्हणून त्या एकाच माणसाच्या ताब्यात राहतात असे नाही.

येथपर्यंत मी सभागृहाचा दोष दाखवतो आहे असे वाटेल. तसे माझे म्हणणे नाही, आणि यासाठी नॅशुआची आठवण सांगितली पाहिजे. २३ फेब्रुवारी १९८०, न्यू हॅम्पशायर राज्यातील नॅशुआ गावच्या हायस्कूलची व्यायामशाळा. रिपब्लिकन प्रायमरीआधी स्थानिक वृत्तपत्राने रेगन आणि जॉर्ज बुश या दोघांचाच वादविवाद ठरवला होता. बाकीच्यांना वगळून वृत्तपत्राने खर्च करणे नियमात बसेना, तेव्हा खर्च रेगन यांच्या प्रचारयंत्रणेने उचलला आणि ऐनवेळी रेगन उरलेल्या चार उमेदवारांना घेऊन मंचावर आले. त्यांना बसायला खुर्च्या नव्हत्या. ते मागे उभे राहिले. बुश समोर पाहत आपल्या जागी बसून होते. रेगन बाजू मांडू लागले, तेव्हा सूत्रसंचालक जॉन ब्रीन यांनी त्यांचा मायक्रोफोन बंद करायला सांगितले. रेगन संतापून म्हणाले, ‘या मायक्रोफोनचे पैसे मी देतो आहे, मिस्टर ग्रीन!’ नाव चुकले होते, पण ते कोणी मनावर घेतले नाही. व्यायामशाळा दणाणून गेली, मागे उभ्या असलेल्या उमेदवारांनीही टाळ्या वाजवल्या. ती चकमक बातम्यांतून घरोघरी दिसली. तीन दिवसांनी रेगन यांना ५० टक्के आणि बुश यांना २३ टक्के मते पडली, आणि हेच बुश महिन्याभरापूर्वी आयोवात जिंकले होते. एका वाक्याने एवढे अंतर पडले असे मी म्हणणार नाही. पण त्या गर्दीने जे पाहिले ते खोटे नव्हते : चार माणसे उभी, एक अन्यायाविरुद्ध बोलणारा आणि एक गप्प बसलेला. चारित्र्याची अशी खूण धोरणाच्या पन्नास पानांतून सापडत नाही.

आता याच राज्यातील २००८ सालचा एक क्षण जवळून पाहू. ५ जानेवारीची रात्र होती, वादविवाद डेमोक्रॅटिक पक्षाचा. तीन दिवसांनी मतदान होते. लोकांना ओबामा अधिक आवडतात असे दिसते, याबद्दल तुम्ही काय म्हणाल, असा प्रश्न हिलरी क्लिंटन यांना विचारला गेला. हे ऐकून मला वाईट वाटले, असे त्या हसून म्हणाल्या. तेवढ्यात ओबामा, नजर खालच्या कागदांवर ठेवून, म्हणाले, ‘तुम्ही पुरेशा आवडण्याजोग्या आहात, हिलरी.’ मराठीत हे वाक्य अवघडच होते, आणि माझ्या मते ते मूळ भाषेतही अवघडच आहे. ८ तारखेला, चाचण्या ओबामांच्या बाजूने असताना, न्यू हॅम्पशायर क्लिंटन यांनी जिंकले. आदल्या दिवशी एका कॅफेत बोलताना त्यांचा कंठ दाटून आला होता, तेही कारण मोजले पाहिजे.

ही चित्रफीत मी वर्गात दाखवतो. दाखवण्याआधी एक अट घालतो : संपल्यावर दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही, आपल्याला काय वाटले ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहायचे. मग चर्चा होते आणि चर्चेनंतर दुसरी चिठ्ठी. दुसऱ्या चिठ्ठ्यांत शब्द एकसारखे होतात. ‘अहंकार’, ‘चूक’, ‘रणनीती’ हे तिथे हटकून येतात. पहिल्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. एका वर्षी एका मुलीने लिहिले होते, ‘त्याने वर का पाहिले नाही?’ दुसऱ्या चिठ्ठीत तिनेही ‘रणनीतीतील चूक’ असेच लिहिले. मी तिला विचारले की पहिले का सोडलेस. ती म्हणाली, ‘सर, बाकीच्यांनी काही मुद्दे मांडले होते. माझा तर मुद्दाच नव्हता.’

तिचा मुद्दा होता, आणि तो सगळ्यांत नेमका होता.

प्रतिक्रिया प्रामाणिक असली तरी ती वेळेवर पोहोचेलच असे नसते, हेही सांगितले पाहिजे. १९ फेब्रुवारी २०२० रोजी नेवाडा राज्यातील लास व्हेगासमध्ये अब्जाधीश उद्योजक माइकल ब्लूमबर्ग पहिल्यांदा डेमोक्रॅटिक मंचावर आले. कित्येक आठवडे लोकांनी त्यांना फक्त जाहिरातींत पाहिले होते, आणि जाहिरातीत उलट प्रश्न विचारणारे कोणी नसते. प्रतिस्पर्धी उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांनी स्त्रियांविषयीच्या त्यांच्या वक्तव्यांवरून आणि त्यांच्या कंपनीतील स्त्रियांना गप्प ठेवणाऱ्या करारांवरून त्यांना धारेवर धरले. सुमारे दोन कोटी लोक पाहत होते, आणि उत्तर शोधताना ब्लूमबर्ग यांचा चेहरा कसा झाला ते सर्वांना दिसले. दोन आठवड्यांनी, अनेक राज्यांत एकदम मतदान होते त्या ‘मोठ्या मंगळवारी’ (सुपर ट्यूसडे), त्यांच्या हाती फक्त अमेरिकन सामोआ हा छोटासा प्रदेश लागला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली. पण वॉरन यांना त्या रात्रीचे फळ मिळाले नाही. नेवाडात आगाऊ मतदान १८ तारखेला, म्हणजे वादविवादाच्या आदल्या दिवशी, संपले होते. हजारो लोकांनी आपली पसंती लिहून पेटीत टाकली होती. त्यांनीही घरी बसून तो वादविवाद पाहिला असेल, कोणाचे मत बदललेही असेल. पण बदललेले मत ते आता कुठे नोंदवणार होते?